खाणीतलं तरस, एक की दोन

संगीता,

तू कुठलीही गोष्ट अर्धवट टाकत नव्हतीस. अकरावीच्या प्रॅक्टिकलला बाकीची मुलं घंटा झाली की पसार व्हायची. तू मात्र बेडकाच्या हृदयाची शेवटची शीर रंगवून झाल्याशिवाय जागची हलायची नाहीस, आणि मी कुलूप हातात घेऊन दारात ताटकळायचो. तीच तू आता आपलं भांडण मधेच टाकून निघून गेलीस. मला याचा राग आलाय. दुःख आहेच, ते कुठं जात नाही. पण राग आधी सांगतो, कारण माझा राग तुला जास्त ओळखीचा आहे.

भांडण काय होतं ते एकदा नीट सांगून टाकतो. तुझ्या जलदानविधीला दौंडात जमलेल्या निम्म्या माणसांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "सर, ते तरसाचं नक्की काय हुतं ओ?" तर तुझ्या कॉलनीच्या मागं दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. त्या खाणीत तरस राहतं. तू म्हणायचीस एक आहे. मी म्हणायचो दोन आहेत. एवढंच. एवढ्यासाठी आपण फोनवर भांडलो, चहा गार करत भांडलो, यवतच्या एका ढाब्यावर तर इतकं भांडलो की वेटरला वाटलं आपल्यात जमिनीचा वाद आहे.

सुरुवात तूच केलीस. मी निवृत्त होऊन शिरूरला घरी आरामात पेपर वाचत बसलो होतो. तू कंपनीच्या गणवेशात, हेल्मेट काखेत, दारात उभी. किती वर्षांनी भेटत होतीस, पण पाया पडण्याआधी मला वरून खालपर्यंत न्याहाळलंस आणि म्हणालीस, "सर, बसून बसून पोट सुटलंय तुमचं." मग खोक्यातून चार डब्या काढून टेबलावर मांडल्यास. कुरकुंभच्या एमआयडीसीत तू क्वालिटीला होतीस, दिवसभर मशीनमधून निघालेले पार्ट उलटेपालटे करून बघायचीस, त्यामुळे मला वाटलं कंपनीचंच काही आणलंयस. निघाले कॅमेरा ट्रॅप. झाडाला नाहीतर खांबाला बांधून ठेवायचे. समोरून अंगात ऊब असलेलं काही गेलं की आपोआप फोटो निघतो. पुण्यातल्या काही संशोधकांना बघायचं होतं, की वाढत चाललेल्या शहरांच्या कडेला कुठली सस्तन जनावरं टिकून आहेत. दौंड तू घेतलं होतंस. आणि "शिरूरची बाजू आमचे सर बघतील" असं मला न विचारता सांगूनही आली होतीस.

पहिल्या कार्डात काय निघालं, आठवतं? शेळ्या. कुत्री. सायकलवरून पाळीला निघालेले बिहारी कामगार. आणि कॅमेरा सुरू झाला का, हे वाकून बघणारं माझं टक्कल, लागोपाठ कितीतरी वेळा. ते फोटो तू कधीच पुसले नाहीस. 'ओळख न पटलेले सस्तन प्राणी' अशा नावाखाली जपून ठेवलेस आणि पुण्याच्या पोरांना दाखवून हसवलंस.

बाकी माणसांचे फोटो मात्र तू ठेवत नव्हतीस. हा तुझा नियम, आणि त्यावरूनही आपलं वाजलं होतं. कार्ड आणलं की जनावरं बघण्याआधी माणसं पुसायची, आणि तीही एकटीनं नाही, त्या वस्तीतल्या कुणाला तरी शेजारी बसवून. मी म्हणायचो, अगं किती वेळ जातो यात, आधी जनावर बघू. तू म्हणायचीस, "सर, आपण तरसासाठी डबी लावली. माणसानं आपल्याला परवानगी दिली न्हाई." शहराच्या कडेला माणूस काय काय करायला येतो हे त्या कार्डांनी मला शिकवलं. कुणी डबा घेऊन येतो, कुणी फोनवर चोरून बोलायला, कुणी नुसतं रडायला. तू बघायचीस आणि पुसायचीस, चेहऱ्यावरची रेष हलू न देता.

एकदा आप्पा सापडले होते. ज्यांची जमीन होती, ज्यांनी प्लॉट पाडून तुमची कॉलनी वसवली आणि जे अजूनही सगळ्या कॉलनीला आपली शेतीच समजतात, ते आप्पा. मफलर गुंडाळून सकाळी खाणीत मटणाच्या हाडांची पिशवी फेकताना. आणि त्या दिवशी शेजारी बसायची पाळी नेमकी आप्पांचीच. फोटो पुढं आला. तू शांतपणे पुसलास आणि पुढचा लावलास. आप्पांची पिशवी पुढच्या आठवड्यापासून घंटागाडीत जायला लागली.

तुझ्या या ठामपणाची मला मनातून फार मजा वाटायची. गाव आणि शहर यांतला फरक कळावा म्हणून आपण एक कॅमेरा काही दिवस वडगाव रासाईला, भीमेच्या काठी लावायला गेलो होतो. उसाच्या बांधावर मळ्याच्या मालकानं आधी मला नमस्कार केला, मग तुझ्याकडं वळून विचारलं, "आडनाव काय म्हनायचं ताईंचं?" काय विचारतोय ते तुलाही कळलं, मलाही कळलं. मी विषय बदलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तू आडनाव सांगितलंस, खणखणीत, अगदी गावासकट. आणि त्याच दमात विचारलंस, "आता दादा, बाभळीला बांधू का खांबाला? ऊन कुठून येतं हितं?" तो माणूस ऊन कुठून येतं ते दाखवायला स्वतः पुढं झाला. तुझा मला अभिमान वाटत होता, संगीता. हे तुला आज पहिल्यांदाच सांगतोय.

तर तरस. खाणीतून बाहेर पडणाऱ्या पायवाटेवर तुझा एक कॅमेरा होता. तिथं एका बाजूला दगडाची भिंत, आणि परतीला जनावर दुसरीच वाट धरायचं, त्यामुळे जनावराची फक्त उजवी बाजू दिसायची. दुसरा कॅमेरा ओढ्याच्या मोरीपाशी. तिथं फक्त डावी बाजू. तरसाच्या अंगावरचे पट्टे दोन्ही बाजूंना वेगवेगळे असतात, आपल्या दोन तळहातांच्या रेषांसारखे. म्हणजे आपल्याकडं एक उजवी बाजू होती आणि एक डावी. ती एकाच जनावराची, की दोघांची? आपल्या कॅमेरावाल्यांनाच पडणारा हा पेच, इतर कुणाला सांगितला तर तो आधी आपल्याकडं आणि मग घड्याळाकडं बघतो.

तुझा मुद्दा वेळेचा होता. खाणीवरचा फोटो पडला की थोड्याच वेळानं मोरीवरचा पडायचा, अगदी चालत जायला लागेल तेवढ्यानं. "दोन असती तर एकदा तरी वेळ चुकली असती का न्हाई, सर?" माझा मुद्दा शेपटीचा होता. मोरीवरच्याची शेपटी जास्त झुबकेदार. तू म्हणायचीस, सर, पावसात भिजली की शेपटी बारीक दिसती, तुमच्या मिशा पण दिसतात. खरं तर एकाच जागी दोन कॅमेरे समोरासमोर लावले असते तर एका दिवसात निकाल लागला असता. तुझा मोरीवरचा हलवला तर तिथली नोंद तुटली असती, म्हणून मी माझा एक कॅमेरा द्यायला तयारही होतो. तूच घेतला नाहीस. शिरूरच्या गोदामांमागं मला नुकतीच कोल्ह्याची पिल्लं दिसायला लागली होती, "ते काम मधेच सोडू नका" म्हणालीस. शिवाय तुला गरजच वाटत नव्हती. तुझी खात्री होती.

आणि त्या खात्रीवर तू कॉलनीला शब्द देऊन बसलीस.

शालनमामींच्या कोंबड्या गेल्या तेव्हाची गोष्ट. मामी तुझ्यापासून तिसऱ्या घरातल्या, तोंडानं तिखट. पाण्याच्या टाकीखाली रविवारी सकाळी मीटिंग भरली. तू मला मुद्दाम बोलावून घेतलं होतंस. मामी उभ्याच होत्या. "मढी उकरून खानारं जनावर हाय ते. लेकरं खेळत्यात हितं. आज कोंबड्या नेल्या, उद्या काय?" आप्पांनी उपायही तयार ठेवला होता. जेसीबी सांगायचा आणि खाणीत मुरूम भरून टाकायचा. माना हलल्या. खाण भरली असती तर त्या जनावराला जायला जागा नव्हती. एकीकडं रेल्वेलाइन, दुसरीकडं नवे प्लॉट, तिसरीकडं हायवे. ते आपल्याला दोघांनाही माहीत होतं.

तू उठलीस. कोंबड्यांच्या खुराड्यापाशी उदमांजर आल्याचे फोटो आधी दाखवलेस. मामी मानल्या नाहीत. मग तरसाचे दाखवलेस, तोंडात तुमच्याच कॉलनीतलं हाड घेऊन चाललेलं. म्हणालीस, "इतकी वर्षं ते हितं हाय, आन् कुणाला ओरखडा न्हाई. आपण जागे असतो तवा ते झोपतं, येवढाच त्याचा गुन्हा." आप्पांनी विचारलं, "किती हायती?" मी तुझ्याकडं बघत होतो. तू बेधडक म्हणालीस, "एक. त्या एकाची हमी माझी. दुसरं दिसलं तर मी स्वतः यिऊन सांगीन." आप्पा म्हणाले, "बरं. एक हाय तवर राहू द्या. दुसरं दिसलं, की मुरूम."

त्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात मी तुला काय काय बोललो! पुराव्याशिवाय आकडा सांगितलास, तोही चारचौघांत. कंपनीत असा पार्ट पास केला असतास का? तू भाकरी थापत होतीस. वळलीसही नाहीस. "दोनाचा पुरावा हाय का तुमच्याकडं? मग?" नव्हता. मी भाकरी खाल्ली आणि शिरूरला आलो.

मग तुझा ताप. साधा म्हणून अंगावर काढलास, ड्यूटीवर गेलीस, आणि तो छातीत उतरला. मी दवाखान्यात आलो तेव्हा तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. मला बघून तू एक बोट वर केलंस. सिस्टरला वाटलं तुला पाणी हवंय, की बाथरूमला जायचंय. ती बिचारी दोन्हीच्या तयारीला लागली. मला बरोबर कळलं. मी दोन बोटं दाखवली. मास्कच्या आत तू हसलीस, डोळ्यांवरून कळत होतं, आणि मग खोकला लागला म्हणून तुझ्या नवऱ्यानं, सुनीलनं, मला बाहेर काढलं. आपली ती शेवटची भेट. माझी बायको म्हणते, अशा वेळी काहीतरी चांगलं बोलायचं असतं. मला तसं वाटत नाही. तू मरणारी बाई म्हणून माझ्याकडं बघितलं नाहीस, आणि मीही तुला तसं बघितलं नाही. यापेक्षा चांगलं आपल्याला काय बोलता आलं असतं?

जलदानविधी झाल्यावर सुनीलनं तुझे दोन्ही कॅमेरे माझ्या हातात दिले. रेल्वेतला माणूस, कमी बोलतो. "मला यातलं काय कळत न्हाई, सर. पन ती तुमच्यासंगं भांडून फोन ठिवायची ना, तवा लई खूश असायची." मी ते कॅमेरे घेतले आणि शिरूरला न जाता सरळ खाणीकडं वळलो. भिंतीतला एक दगड काढला, त्या खोबणीत एक बसवला. दुसरा बाभळीला, त्याच्या बरोबर समोर. वाटेवरून काहीही गेलं तरी त्याची दोन्ही अंगं एकाच वेळी दिसतील असं. तुला मास्तर बावळट वाटेल, पण मला निकाल हवा होता.

कार्ड काढायला गेलो त्या सकाळी कॉलनीतलं कुणी मोकळं नव्हतं. सुनीलला शेजारी बसवलं. आधी माणसं पुसली. मग तरस आलं. उजवी बाजू तीच, आपली ओळखीची, मांडीवर तुटलेला पट्टा असलेली. डावी बाजू मी मोठी केली आणि मोरीवरच्या जुन्या फोटोशेजारी ठेवली. जुळली नाही. खांद्यावरचा पट्टा नाही, पोटावरचा नाही, काहीच नाही. आणि पुढच्याच फोटोंत मोरीवरचं आलं, त्याच वाटेनं, पहिल्याच्या मागोमाग, थोडं अंतर ठेवून. म्हणून तुझी वेळ कधी चुकत नव्हती. एक पुढं चालायचं, दुसरं त्याच्या मागून. तुझा कॅमेरा एक फोटो काढून थोडा वेळ थांबायचा, या वेळी मी तो थांबा काढला होता; म्हणून मागचं खाणीवर कधी उमटलं नव्हतं, आणि पुढचं मोरीच्या आधीच कुठंतरी वळत असणार.

दोन होती, संगीता. मी जिंकलो. मी खरंच हात वर करून ओरडलो, "बघ!" आणि शेजारी सुनील बसला होता. त्याला काय बघायचं ते कळेना. मला रडू आलं. मी अडवलंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याशी वाद जिंकलो आणि हरलेलं माणूस जागेवर नव्हतं.

रडून झाल्यावर दुसरी गोष्ट ध्यानात आली. दुसरं दिसलं, की मुरूम. आता गप्प बसलो तर खाण वाचते. सुनीलनंही तेच सुचवलं, "नगा सांगू, सर. कुनाला कळनार हाय?" कुणालाच कळलं नसतं. पण "दुसरं दिसलं तर मी स्वतः यिऊन सांगीन" हे तू सगळ्यांसमोर बोलली होतीस. दिसलं होतं. आणि यायला तू नव्हतीस. तुझा शब्द खोटा करून तुझं तरस वाचवायचं, हे तुला चाललं नसतं. मला फार विचार करावा लागला नाही. शिरूरच्या वाटेवर न्हावरा यायच्या आत मी आप्पांना फोन लावून येत्या रविवारची मीटिंग मागून घेतली होती.

पुन्हा पाण्याची टाकी, पुन्हा तीच माणसं. मी मास्तर माणूस, नीट समजावून सांगितलं. ही उजवी बाजू, ही डावी, ही जुळत नाही. म्हणून दोन. मग म्हणालो, "संगीताचा अंदाज चुकला होता. तिनं तुम्हाला सांगितलं होतं की दुसरं दिसलं तर येऊन सांगेन. तिच्या वतीनं सांगायला मी आलोय."

आप्पांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ह्यो मोरीवरचा जुना फोटू कवाचा म्हनायचा?"

"तिनं हमी घेतली त्याच्या आधीचा."

"म्हंजी तवा बी दोनच हुती?"

"तेव्हाही दोनच होती."

"आन् आपल्याला वाटत हुतं एक हाय."

"हो."

आप्पा खाणीच्या दिशेनं वळले. मला वाटलं, आता जेसीबीवाल्याला फोन लावतील. मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो, जुळत नव्हतं. तुला सुचलं असतं.

मग आप्पा म्हणाले, "ती चुकली ते सांगाया तुम्ही शिरूरास्नं आला, सर?"

"हो."

"न सांगता बी भागलं असतं तुमचं."

"माझं भागलं असतं. तिचं नसतं भागलं."

आप्पांनी मान हलवली. "शब्द पाळला पोरीनं, मेल्यावर बी," ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. मग सगळ्यांकडं वळले, आवाज चढवून, आपल्या शेतात गड्यांना हाळी द्यावी तसे. "यकाची हमी संगीतानं घेतलीया. ती आता माघारी घ्याची न्हाई. पन दुसऱ्याची कुनाचीच न्हाई. कोन घेतंय का? घेत आसल तर राहू द्या. न्हाईतर मुरूम टाकायचा."

मी बोलणार होतो. मी बोट वर करणारच होतो, शप्पथ. पण मी शिरूरचा, माझ्या हमीला त्या टाकीखाली काय किंमत? सगळे एकमेकांकडं बघत होते. एवढ्यात मागून आवाज आला.

"दुसऱ्याची माझी."

शालनमामी होत्या. उभ्या राहिल्या, पदर खोचला. आप्पांनाही ते खरं वाटेना. "मामी, तुम्ही? तुमच्याच तर कोंबड्या..."

"त्या उदमांजरानं नेल्या हुत्या. तिनं फोटू दावला हुता, तवा मी मानलं न्हाई." मामींनी आपल्या घराकडं हात केला. "रोज कामावर जाताना खुराड्याची जाळी बघून जायाची ती. मी मागं तिच्याशी चार महिनं बोलले न्हाई, तरी बघून जायाची. आता बोलाया कुठं जाऊ? दुसऱ्याची हमी माझी. आप्पा, जेसीबीचं नाव काढू नगा."

आप्पांनी काढलं नाही. मीटिंग संपली, लोक पांगले, कुणीतरी चहा आणायला गेलं. मी बॅग भरत होतो तर मामी जवळ आल्या. फोटो मागितला. दोन्ही फोटो हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"ह्यातलं माझं कुठलं, सर?"

मी मोरीवरचं दाखवलं, झुबकेदार शेपटीचं, मागून चालणारं. मामींनी ते डोळ्यांजवळ धरलं, ओठ हलवत त्याचे पट्टे एकेक करून बघितले, आणि मग दुसऱ्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, "आन् हे संगीताचं. व्हय ना?"

"होय," मी म्हणालो.